पाचवी लाट कुठून उठते?

कान-नाक-घसा विषयाची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना 'ई कोलाय' हे जिवाणूचं नाव एका वेगळ्याच कारणासाठी पाठ असतं. क्लिकचा आवाज कानात पडला की पहिल्या दहा मिलीसेकंदांत डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर एकामागून एक पाच ठळक विद्युत लाटा उमटतात. कोणती लाट मेंदूच्या कोणत्या भागातून आली, हे लक्षात ठेवायला या नावातली अक्षरं कामी येतात. ई म्हणजे एट्थ नर्व्ह, अर्थात आठवी चेता; सी म्हणजे कॉक्लियर न्यूक्लियस; ओ म्हणजे ऑलिव्हरी कॉम्प्लेक्स; एल म्हणजे लॅटरल लेम्निस्कस; आय म्हणजे इन्फिरिअर कॉलिक्युलस. पाच अक्षरं, पाच लाटा, पाच ठिकाणं. पुढे ही क्लृप्ती 'ई ई कोलाय' अशी शिकवली जाऊ लागली. अक्षर एकच वाढलं, पण दुसरी लाट न्यूक्लियसकडून परत चेतेकडे आली, तिसरी ऑलिव्हकडून न्यूक्लियसकडे, चौथी ऑलिव्हकडे, पाचवी लेम्निस्कसकडे, आणि कॉलिक्युलसची रवानगी सहाव्या-सातव्या लाटेकडे झाली. आलेख तोच, लाटा त्याच, त्यांच्या वेळाही त्याच; पत्ते मात्र सगळे बदलले. हे घडू शकलं याचं कारण या मोजणीच्या स्वभावातच आहे. विद्युत नोंद केव्हा घडलं ते अचूक सांगते, कुठे घडलं ते सांगत नाही. ठिकाण दर वेळी बाहेरून पुरावा आणून सिद्ध करावं लागतं, आणि मेंदूतल्या ऐकण्याच्या वाटेबद्दल आज जे ठामपणे माहीत आहे, ते या बाहेरच्या पुराव्याच्या जोरावर.

आधी नोंद कशी होते ते पाहू. आपल्याकडे दवाखान्यात या तपासणीला 'बेरा' म्हणतात. कपाळावर किंवा टाळूवर एक इलेक्ट्रोड, दोन्ही कानांमागे एकेक, कानात इअरफोन. तान्ह्या बाळाला दूध पाजून झोपवतात. झोपत नसेल तर झोपेचं सिरप देतात, कारण मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंची हालचालही वीज निर्माण करते आणि ती मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. शोधायची असते ती पाचवी लाट, आणि तिची उंची जेमतेम अर्धा मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या वीस लाखाव्या भागाइतकी. तिच्या भोवती मेंदूची इतर सारी विद्युत हालचाल चाललेली असते, ती दहा-वीस पटींनी मोठी. एका क्लिकच्या नोंदीत काहीच दिसत नाही. म्हणून दोन हजार क्लिक ऐकवतात आणि प्रत्येक क्लिकनंतरचे दहा मिलीसेकंद एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढतात. क्लिकशी बांधलेली लाट दर वेळी त्याच क्षणी येते, म्हणून टिकते. बाकीचा गोंगाट कधी वर कधी खाली असतो, म्हणून आपसांत खोडला जातो. हा गोंगाट क्लिकच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. दोन हजारांचं वर्गमूळ सुमारे 45, तेव्हा दहा मायक्रोव्होल्टचा गोंगाट पाव मायक्रोव्होल्टच्याही खाली येतो आणि त्यातून अर्ध्या मायक्रोव्होल्टची लाट डोकं वर काढते. क्लिकचा वेगही विचारपूर्वक ठरवलेला असतो. तो सेकंदाला नेमका 10 ठेवला, तर घरगुती विजेची 50 हर्ट्झची गुणगुण प्रत्येक क्लिकला त्याच टप्प्यावर सापडेल आणि सरासरीत जशीच्या तशी उरेल. म्हणून यंत्रावर 11.1 सारखा अडनिडा आकडा लावतात.

या सरासरीची कल्पना लंडनच्या जॉर्ज डॉसनची. 1947 मध्ये त्याने नोंदींची छायाचित्रं एकावर एक चढवून पाहिली आणि 1951 मध्ये सरासरी काढणारं यंत्रच उभं केलं. त्याआधीही आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद माणसाच्या डोक्यावरून दिसला होता. अमेरिकेत पॉलीन डेव्हिस यांनी 1939 मध्ये तो जागेपणी घेतलेल्या मेंदूच्या आलेखात दाखवला. पण तो प्रतिसाद आवाजानंतर साधारण शंभर मिलीसेकंदांनी येणारा, मोठा आणि उशिराचा. तोवर आवाज अंतर्कर्णातला कॉक्लिया, चेता, मेंदूचा देठ आणि थॅलॅमस ओलांडून मेंदूच्या पृष्ठभागावर पोचलेला असतो. वाटेत काय घडलं, त्याचा त्यात मागमूस नव्हता.

ठिकाणाबद्दल सावध का राहायचं, याचा धडा या शास्त्राला फार लवकर मिळाला होता. 1930 मध्ये प्रिन्स्टनला अर्नेस्ट वेव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी मांजराच्या श्रवणचेतेवर इलेक्ट्रोड ठेवला, मिळालेली वीज वाढवली आणि ती लांबच्या आवाजबंद खोलीतल्या टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडली. एकाने मांजराच्या कानाशी बोलायचं, दुसऱ्याने त्या खोलीत ऐकायचं. शब्दन् शब्द कळत होता. चेता जणू टेलिफोनची तार झाली होती. प्रत्येक चेतातंतू सेकंदाला हजारभरापेक्षा फार जास्त वेळा पेटू शकत नाही, आणि इथे तर त्याच्या कितीतरी पट वरचे स्वर येत होते. त्यावरून त्या दोघांनी मांडलं की तंतू पाळीपाळीने पेटत असावेत आणि सगळ्यांचा मिळून उंच स्वराचा ठेका उमटत असावा. केंब्रिजच्या एडगर एड्रियनला शंका आली. ही वीज चेतेची नसून कॉक्लियाची तर नव्हे? 1932 मध्ये हार्वर्डला सॉल आणि हॅलोवेल डेव्हिस यांनी अगदी बारीक, एकात एक बसवलेले इलेक्ट्रोड वापरून दोन्ही वेगळ्या केल्या. मांजराचं 'बोलणं' बहुतांशी कॉक्लियातल्या रोमपेशींचं निघालं. आवाजाच्या कंपनांची हुबेहूब नक्कल करणारी ती वीज चेतेपर्यंत नुसती पसरून आली होती. इलेक्ट्रोड चेतेवर होता, वीज चेतेवर मोजली होती, आणि तरी ती चेतेची नव्हती. या कथेचा दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडतो. पुरावा कच्चा निघाला, पण पाळीपाळीने पेटण्याची कल्पना मोडीत निघाली नाही. पुढे एकेका तंतूच्या नोंदी घेता आल्या तेव्हा काही हजार हर्ट्झपर्यंत तंतू खरोखरच स्वराच्या ठेक्याला धरून पेटताना दिसले.

आता त्या दहा मिलीसेकंदांकडे. 1967 मध्ये जेरुसलेमला सोमर आणि फाइनमेसर यांनी शस्त्रक्रिया न करता, कानाच्या पाळीला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून चेतेचा प्रतिसाद टिपला. 1970 आणि 1971 मध्ये डॉन जुवेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावरून ती संपूर्ण माळ दाखवली. लाटांना त्यांनी अवयवांची नावं दिली नाहीत, एक ते सात असे रोमन आकडे दिले. हा संयम होता, आणि तो योग्य होता, कारण ते दूरवरून ऐकत होते. मेंदूच्या देठात, टाळूपासून काही सेंटिमीटर खोल, वीज निर्माण होते. ती ओलसर, खारट उतींतून सगळीकडे पसरते आणि कवटीबाहेर पोचेतो तिचं ठिकाण पुसट होतं. लग्नमांडवाच्या बाहेर उभ्या माणसाला मंगलाष्टकं संपली आणि वाजंत्री सुरू झाली हे क्षणाच्या हिशेबाने कळतं. अंतरपाट कोणी धरला होता आणि मामा कुठे उभा होता हे कळत नाही. गणिताच्या भाषेत हेल्महोल्ट्झने 1853 मध्येच हे मांडून ठेवलं होतं: पृष्ठभागावर मोजलेल्या विद्युत दाबावरून आतला उगम एकमेव असा ठरवता येत नाही, कारण अनेक वेगवेगळे उगम बाहेर हुबेहूब तसाच दाब निर्माण करू शकतात. इलेक्ट्रोड वाढवले तर शंका कमी होते, पण ही अट सुटत नाही.

मग ठिकाण सापडलं कसं? पहिला मार्ग प्रयोगशाळेतल्या मांजरांचा होता. वाटेवरचा एकेक भाग निकामी करायचा आणि कोणती लाट जाते ते पाहायचं. बुखवाल्ड आणि हुआंग यांनी 1975 मध्ये हे पद्धतशीर केलं. चेतेपासून कॉलिक्युलसपर्यंत एकामागून एक लाटा गळत गेल्या आणि पाच लाटांना पाच थांबे मिळाले. 'ई कोलाय' या क्रमाला हाच पाया होता. पुरावा चांगला होता, फक्त मांजराचा होता. माणसाच्या डोक्यातली वाट मांजरासारखीच, जरा मोठ्या मापाची, हे कोणीही सिद्ध न करता गृहीत धरलं गेलं.

माणसातला पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाला. चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू आपोआप फडफडण्याचा आणि गालात विजेच्या झटक्यासारख्या कळा येण्याचा, असे दोन विकार असतात. मेंदूच्या देठाजवळची रक्तवाहिनी चेतेवर घासत असल्याने ते होतात, आणि त्यांवर कानामागून कवटी उघडून ती वाहिनी बाजूला करतात. पीटर जॅनेटा हे पिट्सबर्गचे सर्जन या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले. त्यांच्या टेबलाशी आगे मोलर हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ उभा राहू लागला. या शस्त्रक्रियेत श्रवणचेता समोर उघडी दिसते आणि ती दुखावली तर रुग्ण बहिरा होऊ शकतो, म्हणून तिच्यावर विद्युत पहारा ठेवणं रुग्णाच्या हिताचंच होतं. त्या पहाऱ्यातूनच संशोधनाला हवं ते मिळालं. चेतेवर थेट ठेवलेल्या इलेक्ट्रोडची नोंद आणि त्याच क्षणी डोक्यावरून घेतलेली नोंद शेजारी शेजारी ठेवता आली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेला निष्कर्ष असा: माणसात पहिली लाट चेतेच्या कॉक्लियाकडच्या टोकाची, आणि दुसरीही चेतेचीच, फक्त मेंदूकडच्या टोकाची. जपानमध्येही शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नोंदी याच दिशेला गेल्या.

हे पटवून घ्यायला साधा हिशेब पुरतो. माणसाची श्रवणचेता सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, मांजराची जेमतेम आठ मिलिमीटर. या तंतूंमधून संदेश सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने जातो. अडीच सेंटिमीटरला सव्वा मिलीसेकंद लागतो, आणि माणसात पहिल्या व दुसऱ्या लाटेतलं अंतर जवळपास तेवढंच, एका मिलीसेकंदाच्या थोडं वर. म्हणजे दुसरी लाट उमटते तेव्हा संदेश न्यूक्लियसच्या दारात नुकता पोचलेला असतो. मांजरात तेवढ्या वेळात तो पुढच्या थांब्यावर गेलेला असतो. दुसरा आकडा एकच, पण दोन प्राण्यांत तो दोन वेगळ्या जागांचा. हे एकदा मान्य केलं की पुढचे सगळे पत्ते एकेक पाऊल मागे सरकतात: तिसरी लाट मुख्यतः कॉक्लियर न्यूक्लियसची, चौथी ऑलिव्ह आणि आसपासच्या भागांची, आणि पाचव्या लाटेचं टोक लॅटरल लेम्निस्कसचे तंतू विरुद्ध बाजूच्या कॉलिक्युलसमध्ये शिरतात तिथलं. कॉलिक्युलसमधल्या पेशींचा स्वतःचा वाटा बहुतेक त्यानंतरच्या संथ उतारात दिसतो. तेव्हा या प्रकरणाच्या शीर्षकातल्या प्रश्नाला 'कॉलिक्युलसमधून' हे उत्तर पूर्ण चूक नाही, पण नेमकंही नाही. चौथ्या लाटेपासून पुढे वाट दुभंगते, ओलांडते आणि पुन्हा जुळते, त्यामुळे 'एक लाट, एक थांबा' हा हिशेबच तिथे लागू पडत नाही. एका वेळी अनेक गट पेटतात आणि त्यांची बेरीज बाहेर दिसते. 'ई ई कोलाय' ही क्लृप्ती सुधारलेली असली, तरी तिच्या मुळाशी असलेलं गृहीत ती तसंच पुढे नेते. परीक्षेपुरती ती ठीक आहे.

इथे कोणीही विचारेल: पत्ते इतकी वर्षं चुकीचे होते, तर डॉक्टरांनी त्यावर घेतलेल्या निर्णयांचं काय? फारसं बिघडलं नाही, आणि का बिघडलं नाही हे पाहण्यासारखं आहे. दवाखान्यात बहुतेक वेळा पत्ता लागत नाही, वेळ लागते. मोठ्या आवाजाला निरोगी प्रौढात पहिली लाट सुमारे दीड मिलीसेकंदाला येते, तिसरी पावणेचारच्या आसपास, पाचवी साडेपाचच्या थोडं पुढे. पहिली ते पाचवी हे अंतर चार मिलीसेकंदांच्या आसपास राहतं. चेतेवर गाठ दाबत असेल तर हे अंतर त्या बाजूला वाढतं. अमेरिकेत सेल्टर्स आणि ब्रॅकमन यांनी 1977 मध्ये नुसत्या डाव्या-उजव्या कानांच्या पाचव्या लाटेतल्या फरकावरून अशा गाठी ओळखून दाखवल्या. त्यासाठी पाचवी लाट कुठून येते हे माहीत असण्याची गरजच नव्हती. ती गाठीच्या पलीकडून येते एवढं पुरेसं होतं. नवजात बाळात हेच अंतर पाच मिलीसेकंदांच्या आसपास असतं आणि पहिल्या दीड-दोन वर्षांत तंतूंवरचं आवरण पक्कं होत गेलं की प्रौढांइतकं होतं. तेही वेळेचंच मोजमाप.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे. आता एमआरआय आहे, मेंदूचा चालू भाग रंगवून दाखवणारा फंक्शनल एमआरआय आहे. ठिकाण तिथे दिसतंच, मग डोक्यावरच्या तारा कशाला? गाठींच्या बाबतीत हा आक्षेप बरोबर आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी बेरामध्ये सुटतात आणि गॅडोलिनियम देऊन केलेल्या एमआरआयमध्ये दिसतात, म्हणून तिथे बेराने जागा सोडली, ते योग्यच झालं. पण वाट शोधण्याच्या बाबतीत तो टिकत नाही. फंक्शनल एमआरआय विजेचं नव्हे, रक्ताचं मोजमाप करतो. पेशी पेटल्यावर रक्त वाढायला काही सेकंद लागतात, आणि आपल्याला हवा आहे तो सगळा प्रवास एका सेकंदाच्या शंभराव्या भागात संपलेला असतो. तिथे ठिकाण दिसतं पण क्रम विरघळतो. एकाकडे नकाशा आहे, दुसऱ्याकडे वेळापत्रक. एकाच्या जोरावर दुसऱ्याचं काम होत नाही, म्हणूनच माणसातल्या ऐकण्याच्या वाटेचा जो भाग खात्रीने माहीत आहे, तो चेता उघडी असताना इलेक्ट्रोड तिथे ठेवता आला म्हणून.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, कारण तो मुलांच्या आईवडिलांना भेटतो. लाट कुठूनही येवो, ती आली म्हणजे ऐकू येतं आणि नाही आली म्हणजे येत नाही, एवढं तरी म्हणता येईल ना? तेवढंही म्हणता येत नाही. 1996 मध्ये अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या कॉक्लियातल्या बाहेरच्या रोमपेशी व्यवस्थित काम करत होत्या आणि त्यांना आवाज जाणवत होते, पण बेराचा आलेख सपाट किंवा अगदी मोडकातोडका होता. बोललेलं मात्र त्यांना आवाज जाणवण्याच्या मानाने फारच कमी कळत होतं. या विकाराला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. कारण पुन्हा सरासरीत आहे. तंतू पेटतात, पण एकाच वेळी पेटत नाहीत. एकाचा संदेश एक मिलीसेकंद आधी, दुसऱ्याचा दीड मिलीसेकंद नंतर, आणि सरासरी घेताना सगळे एकमेकांना खोडून टाकतात. गेलेली असते ती एकतानता. बोलण्यातली व्यंजनं ओळखायला नेमकी तीच लागते, म्हणून शब्द कळत नाहीत. उलट टोकाला, ऐकण्याशी संबंधित मेंदूचा पृष्ठभाग दोन्ही बाजूंना पक्षाघाताने गेलेल्या माणसाचा बेरा अगदी नमुनेदार असू शकतो आणि त्याला ऐकूच येत नसतं, कारण त्या दहा मिलीसेकंदांची हद्द मेंदूच्या देठाशी संपते.

म्हणून बेरा ही ऐकण्याची तपासणी नव्हे. मेंदूच्या देठापर्यंत संदेश वेळेवर आणि एकदम पोचतो का, याची ती तपासणी आहे. हे तिचं कमीपण समजायचं कारण नाही. ओटोफर्लिन हे प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेल्या मुलांत रोमपेशीकडून चेतेकडे संदेश उतरतच नाही. शांघायच्या गटाने 2024 मध्ये अशा सहा मुलांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे निकाल मांडले. त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं, आणि ते दाखवायला त्यांनी याच लाटा कुठल्या आवाजाला परत येतात ते मोजलं. प्रश्न संदेश पोचण्याचा होता आणि साधन त्याच प्रश्नाचं होतं.

ज्यांच्या घरात लहान मुलाचा बेरा झाला आहे किंवा व्हायचा आहे, त्यांनी रिपोर्ट हातात आल्यावर ऑडिओलॉजिस्टला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. क्लिकने केलेली तपासणी मुख्यतः 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल बोलते, म्हणून खालच्या स्वरांसाठी टोन-बर्स्ट वापरून वेगळी मोजणी झाली का? आलेख सपाट असेल तर रोमपेशींची ओएई ही तपासणी सोबत झाली का? विशेषतः बाळाला जन्मानंतर तीव्र कावीळ झाली असेल, तर हा प्रश्न टाळू नये, कारण न्यूरोपॅथीचा धोका तिथे वाढतो. आणि बाळाच्या वयाचे मापदंड लावले का, की प्रौढांचे? उत्तरं मिळेपर्यंत थांबावं, पण फार थांबू नये: एक महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, ही आज सर्वत्र मानली जाणारी मुदत आहे.